गुरुवारची चार उत्तरे

परभणी
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

निवेदिता,

'प्रिय' लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही याची खात्री नाही, म्हणून नुसते नाव लिहिले. माझा क्रमांक तू तीन वर्षांपूर्वीच ब्लॉक केलास. नागपूरचा हा पत्ता मी पूर्णा गावी जाऊन तुझ्या सासूबाईंकडून, सिद्धोधनच्या आईंकडून, मागून आणला. त्यांनी आधी चहा दिला आणि मग विचारले, "तूच ना ती, रजिस्टर लग्नाची नोटीस वाचून निवेदिताच्या घरी जाऊन सांगणारी?" मी होय म्हणाले. तरीही पत्ता दिला.

हे पत्र फाडण्याआधी एक विनंती वाच. एखाद्या गुरुवारी सकाळी, साडेअकराच्या सुमारास, आपल्या आईला फोन कर.

आता कारण सांगते. एम.ए.ला मराठीत सुवर्णपदक मिळाले, पण मुलाखतीच्या खोलीत माझ्या घशातून शब्द फुटत नाही, हे तुला ठाऊक आहेच. शेवटी इथल्या एका धर्मादाय रुग्णालयात काम मिळाले. रुग्णालयाने जानेवारीपासून 'विचारपूस' नावाचा उपक्रम सुरू केला आहे. जिंतूर तालुक्यातल्या रक्तदाबाच्या रुग्णांना दर आठवड्याला फोन करायचा, चार प्रश्न विचारायचे, आणि गोळ्या संपत आल्या असतील तर गावच्या आशाताईंच्या हाती पोचवायच्या. उपक्रम चांगला आहे. मध्येच औषध सोडणारे लोक उन्हाळ्यापर्यंत निम्मे झाले. समोर लिहिलेले वाचायचे असले की माझा आवाज थरथरत नाही, म्हणून मलाही तो मानवला.

ते चार प्रश्न माझेच आहेत. रुग्णालयातल्या साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतले आणि कार्डावर छापले. गोळ्या वेळेवर घेतल्या का? रक्तदाबाची तपासणी झाली का? काही त्रास आहे का? प्रकृती कशी आहे?

माझ्या यादीत एकशे बारा नावे आहेत. त्यांतले एक नाव, दर गुरुवारी अकरा वाजताचे, सुमंगला दत्तोपंत. तुझी आई.

काकूंशी बोलताना पहिले काही महिने चार प्रश्नांना वीस मिनिटे लागत. "राजी, तू जेवलीस का? आवाज बसलाय तुझा, लवंग धर दाढेत." तुझे नाव त्या घेत नसत, पण नागपूरला ऊन किती आहे, असे मात्र विचारत. सप्टेंबरात त्यांच्या गोळ्या वाढल्या. तशी नोंद माझ्याच हातची आहे. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बोलणे एकाएकी आटले. आता फोन उचलला जातो, आणि मी प्रश्न वाचते.

"घेतल्या."

"झाली."

"नाही."

"बरी आहे."

बस्स. चारही उत्तरे बिनचूक. चारही चौकटींत मी बरोबरची खूण करते. पण काल तिसरा प्रश्न माझ्या ओठांवर यायच्या आत पलीकडून उत्तर आले: "नाही." मी काहीच विचारले नव्हते गं.

एकदा फोन कर.

राजेश्री

*

परभणी
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

निवेदिता,

माझे पहिले पत्र तुला मिळाले असावे असे मी धरून चालते.

काल मी एक चूक मुद्दाम केली. कार्ड उलटे ठेवले आणि शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारला.

"काकू, प्रकृती कशी आहे?"

"घेतल्या."

मी पुढे विचारले, "आज भाजी कोणती केलीत?"

"झाली."

"घरी कोण कोण आहे?"

"नाही."

"काकू, मी राजी. मला ओळखलंत का?"

"बरी आहे."

आवाज त्यांचाच होता. तोच किनरा, शेवटचे अक्षर किंचित ओढणारा सूर. त्यात ना वेदना होती ना चेष्टा. रिकाम्या घरात घड्याळाने ठोके द्यावेत तसे ते शब्द पडत होते. चौथ्यानंतर मी तीन वेळा हाक मारली. फोन चालू होता, श्वासही ऐकू येत होता, पण उत्तर नव्हते. मग त्या श्वासामागे मला पुष्कळ माणसांची चाहूल लागली. चपला, खाकरणे, बांगड्या. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, "ए, मला तिसरा नंबर नको लावू. मी मागं थांबतो."

शेजारच्या टेबलावरची शिवकन्या माझ्याकडे बघत होती. "काय गं, भूत बघितल्यावानी करायलीस?"

मी तिला सांगितले. ती हसली. "लय भारी पेशंट हाय की तुझी! न इचारता सांगायली. माझ्यावाले तर चारदा इचारलं तरी सोयाबीनचा भावच सांगतेत."

मी हसले नाही. पण साहेबांकडेही गेले नाही. कार्डावर चारही खुणा केल्या आणि यादीतला पुढचा क्रमांक लावला. हे तुला लिहिण्याची गरज नव्हती, तरी लिहिते आहे. सलग आठ आठवडे मी त्या खुणा करते आहे.

येत्या गुरुवारी रजा टाकून गावी जाणार आहे. तुझ्या बाबांसमोर उभे राहावे लागेल. नोटिशीची गोष्ट मी काकूंना सांगितली त्या दिवसानंतर मी तुमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेले नाही. काकूंनी विचारले आणि मी खरे सांगितले, एवढेच माझे त्यातले काम होते, असे मी स्वतःला सांगत आले.

राजेश्री

*

परभणी
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

निवेदिता,

आधी मुख्य गोष्ट. काकू कालपासून परभणीला आमच्याच रुग्णालयात आहेत. शुद्धीवर आहेत. मागे कधीतरी त्यांना मेंदूचा झटका येऊन गेला आहे. उजवा हात उचलत नाही, आणि वाचा गेली आहे. म्हणजे तेवढे चार शब्द सोडून सगळी गेली आहे.

काल जिंतूरहून येलदरीकडे जाणारी एसटी पकडली. फाट्यावर उतरून चालत निघाले, तेव्हा धरणाचे पाणी अगदी तुमच्या परसापर्यंत आलेले दिसले. यंदा ते फार वर आहे. वारा नव्हता. अकराला दहा मिनिटे होती आणि तुमच्या अंगणात साठेक माणसे बसलेली होती, तरी पाण्यावरच्या पाणकोंबडीचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता.

माणसे चार-चारांच्या ओळींत बसली होती.

ओसरीवर काकू होत्या. भिंतीला टेकलेल्या, मांडीवर मोबाईल, तोंड डावीकडे ओढलेले, उजवा हात कोणीतरी आणून ठेवावा तसा पदरात पडलेला. कपाळभर कुंकू. दत्तोपंत काका बाजूला पाटावर, डोळे मिटून. बरोबर अकरा वाजता फोन न वाजताच त्यांचे ओठ हलले. "घेतल्या. झाली. नाही. बरी आहे." अंगणातली माणसे जमिनीला डोके टेकून नमस्कारात वाकली. अकरा वाजता फोन करणारी मी त्यांच्यासमोर उभी होते. तरीही कोणीतरी त्यांना विचारत होते आणि त्या उत्तर देत होत्या.

कोपऱ्यावरची मनकर्णाबाई मला ओळखून शेजारी सरकली.

"बस, बाई. नवसाची हायस का नुसती इचारणारी?"

"हे काय चाललं आहे, मावशी?"

"पाचव्या माळेला अंगात आलं बघ काकूंच्या. पडल्या, उठल्या, अन् बोलनंच बदललं. दसऱ्याच्या दिशी मी सहज आले, म्हनलं, काकू, माझ्या शेळ्या कोंडवाड्यात घेतल्या काय? म्हनल्या, घेतल्या. गेले तर दोन्ही शेळ्या तितंच! आता सांग."

दसऱ्याला आमचे कार्यालय बंद होते. त्या दिवशी माझा फोन गेलाच नव्हता.

"मग हे चार-चार जण कशासाठी?"

"चारच बोलतेत ना एका बैठकीला. मग पानी पाजायचं, थोडं थांबायचं, पुन्ना चार. तिसऱ्याला कवाबी न्हाईच म्हनतेत, म्हनून तिसरं कुनी बसंना. आमी तिथं भागवतला बसवतो. त्यो इचारतो, आज पाऊस पडंल का?" ती पदराआड हसली. "डिसेंबर हाय. काय बिघडतंय?"

तेवढ्यात आशाताई बबिता आली. बाळंतपणासाठी ती ऑगस्टपासून माहेरी होती आणि सोमवारीच परतली होती. तिच्या जागी बदली कोणी आलेच नव्हते. तिने कोणाला न विचारता काकूंच्या डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि मला बाजूला ओढले.

"ताई, दोनशे दहा हाय वरचा. हे वारं न्हाई, झटका हाय. तोंड बघा ना. आता दुसरा आला तर काकू हातच्या जातील."

मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनीच डोळे उघडले.

"राजी ना तू? बस."

"काका, यांना आजच दवाखान्यात न्यायला हवं."

"कशाला? बोलणं बंद पाडायला?" ते अगदी हळू बोलत होते. "पोरगी गेली, मी तिचं नाव टाकलं, त्या दिवसापासून तीन वर्षं ही बाई माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. ताट वाढायची, पाट मांडायची, बोलायची नाही. आता विचारलं की उत्तर देते. जेवलीस का विचारलं, तरी देते. लोक त्याला देव म्हणतात. मी नाही म्हणत नाही."

"काका, जीव जाईल त्यांचा."

"मग तिलाच विचार," ते म्हणाले. "ती म्हणाली तर नेतो."

काकू इथे कशा आल्या हे आज लिहिण्याचे धैर्य नाही.

तुला एक विचारायचे आहे. मनकर्णाबाई म्हणाली, गेल्या गुरुवारी साडेअकराला एक फोन आला, पलीकडचे कोणी बोललेच नाही, तरी काकूंनी चारही उत्तरे दिली आणि मग फोन बंद झाला. तो तुझा होता का? असेल, तर तू त्यांच्या तोंडून 'बरी आहे' ऐकलेस आणि फोन ठेवलास. त्या शब्दांवर विश्वास ठेवू नकोस. मी आठ आठवडे ठेवला.

राजेश्री

*

परभणी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

निवेदिता,

दोन गोष्टी लपवल्या होत्या. आज लिहिते.

पहिली. ११ सप्टेंबरच्या फोनमध्ये काकू म्हणाल्या होत्या, "राजी, गोळ्या वाढल्या गं. बबिताही नाही." मी नोंदीत लिहिले: 'डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. साठा पुरेसा.' संगणकाने काकूंचे नाव गोळ्या पोचवायच्या यादीतून काढून टाकले. पुढच्या दोन गुरुवारीही त्या तेच म्हणाल्या आणि मी तेच लिहिले.

तुमच्या घरात कोणतीही वस्तू संपली असे म्हणत नाहीत, निवेदिता. दिवा वाढवायचा, बांगडी वाढवायची, डब्यातले मीठ वाढायचे. लहानपणी मी तुमच्या स्वयंपाकघरात "काकू, साखर संपली" म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्या ओठांवर बोट ठेवले होते. "भरल्या घरात असं बोलू नये. वाढली म्हणावं." मराठीचे सुवर्णपदक ज्या मुलीला मिळाले तिला हे कळू नये? फोनवर मला पाठ असलेला आवाज सांगत होता की गोळ्या संपल्या आहेत, आणि मी लिहिले की त्या जास्त झाल्या आहेत. सव्वीस सप्टेंबरला, पाचव्या माळेला, त्या पडल्या. मधले पंधरा दिवस त्यांच्या पोटात एकही गोळी नव्हती. आणि पहिल्या फोनपासून पाठ झालेली उत्तरे त्या नंतर मला परत देत राहिल्या. इथले डॉक्टर म्हणतात, मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली की कधीकधी आकडे, प्रार्थना, घोकलेले असे काही तेवढे शिल्लक राहते. काकूंचे रोजचे स्तोत्रही गेले. माझे कार्ड तेवढे राहिले.

मंगळवारी मी हे सगळे साहेबांना लेखी दिले. आता प्रश्नांमध्ये पाचवा आला आहे: घरात आज किती गोळ्या आहेत, मोजून सांगा. शिवकन्याने दिवसभर मस्करी केली नाही. संध्याकाळी नुसती म्हणाली, "माझ्या आजीबी तसंच म्हनायच्या गं. मीबी तसंच लिहिलं असतं."

दुसरी गोष्ट. 'तिलाच विचार' असे काका म्हणाले, तेव्हा मी मनात मोजायला लागले होते. चार शब्दांत होकार कोणता? पहिला नाही, तिसरा तर नकारच, चौथा टाळाटाळीचा. दुसरा. 'झाली.' आता प्रश्न त्या उत्तराच्या मापाचा शिवायला हवा होता. हे काम मला येते. मला हे एकच काम येते.

बबिताच्या कानात सांगितले. तिने काकूंना पाणी पाजले, थोडा वेळ जाऊ दिला आणि मनकर्णाबाईला पुढे ढकलले. मनकर्णाबाईने आपला पहिला प्रश्न विचारला, काय तो आठवत नाही. मी पुढे सरकले. साठ माणसांसमोर, समोर कार्ड नसताना, माझा आवाज आला. "काकू, दवाखान्यात जाण्याची आज्ञा झाली का?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे तेच होते, निवेदिता. सगळे समजणारे. त्या डोळ्यांमागे कोणीतरी कोंडलेले आहे आणि आपण दाराबाहेर उभे राहून आपल्या सोयीचे ऐकतो आहोत, असे मला त्या क्षणी वाटले.

"झाली," त्या म्हणाल्या.

अंगणात एकच गलबला उठला. कोणी म्हणाले, आज्ञा झाली. कोणी रडायला लागले. काका उठले आणि आतून काकूंची शाल घेऊन आले. बबिताने १०८ला फोन केला.

गाडीत आम्ही तिघेच मागे होतो. पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो तिथे काका म्हणाले, "दुसरी पाळी साधलीस तू."

मी काकूंच्या अंगावरची शाल सारखी केली.

"मलाही मोजता येतं, राजी. शाळेत चाळीस वर्षं पाढेच शिकवले. देव नाही हे मला कळत होतं. झटका आहे हेही कळत होतं. रोज रात्री सगळे गेले की दोन प्रश्न असेच विचारतो. ऊन पडलं होतं का, दूध आलं का. तिसऱ्याला विचारतो, माझ्यावर राग आहे का?" त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. "नाही म्हणते. खोटं असतं गं ते. पण अडीच महिने तेवढं ऐकून झोपलो."

मी त्यांच्यावर रागावायला हवे होते. त्यांच्यामुळे उपचाराचे सगळ्यांत मोलाचे आठवडे गेले. पण मीही त्याच चार शब्दांवर आठ गुरुवार निवांत झोपले होते.

आता काकूंचा रक्तदाब ताब्यात आहे. दुसऱ्या झटक्याचा धोका टळला म्हणता येणार नाही, कमी झाला आहे. वाचेचे उपचार सुरू झाले. त्या शिकवणाऱ्या बाई स्पष्ट बोलल्या: पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, नंतर अवघड. रोज त्यांच्याशी बोलायला घरातले माणूस हवे, आणि पाठ केलेले नको, त्यांना खरेच काही सांगायचे असेल असे माणूस हवे. काका बसतात. पण बोलायला लागले की त्यांचा प्रत्येक प्रश्न चारांपैकी एका उत्तरात जाऊन बसतो. मीही तेच करते. आम्हा दोघांची जीभ आता तशीच वळली आहे.

काल संध्याकाळी काकूंनी 'घेतल्या' आणि 'झाली' म्हटले होते. तिसरी पाळी होती. काका खुर्ची ओढून जवळ आले. "निवेदिताला," एवढेच म्हणाले आणि थांबले. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. मला दिसत होते ते काय करताहेत: 'बोलवायचं का' असे विचारले तर 'नाही' येईल, 'ती आली तर तुला त्रास होईल का' असे विचारले तरीही 'नाही'च येईल, आणि त्याचा अर्थ बरोबर उलट होईल. दुसरी पाळी पुन्हा येईपर्यंत थांबले, तर त्यांना हवे ते काहीही म्हणवून घेता येईल. काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. तुझे नाव तीन वर्षांनी त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडले होते.

काकांनी मूठ उघडली आणि मांडीवर पालथी ठेवली.

"हिला नको विचारायला," मला म्हणाले. "आपलंच उत्तर ऐकू येईल. पोरीला विचार. दोघांना या म्हणावं. सिद्धोधनरावांनाही."

मी हे त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे, एकही शब्द माझा न घालता.

येशील का?

राजेश्री